पिवळं वेटोळं

किल्ली अर्धी फिरवायची.
डॅशबोर्डवर पिवळं वेटोळं पेटतं,
ते विझेपर्यंत थांबायचं.
एकोणीस वर्षं रोज पहाटे
मी एवढाच थांबत आलोय:
मनात सात आकडे, थंडीत अकरा.
याला कुणी प्रार्थना म्हणू नये.
हीटर प्लग गरम होतात, बस्स.

या वेळी पासिंगला नापास.
"धूर," तपासणीवाला पोरगा म्हणाला
आणि गाडीला हात न लावताच
फडक्याने हात पुसत बसला.

गुल जमान उस्तादने बोनेटखाली डोकं घातलं
ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.
पंप गेलाय. चार नोझल. टर्बो तेल पितोय.
तीनशे दहा रियाल.
"बनेगा," म्हणाला.
मग चहाचा शेवटचा घोट कपातच फिरवत,
"बेच दो भाई. पेट्रोल ले लो.
मेरी भी कमर अब झुकती नहीं."

सोहारच्या हायवेवर शोरूम.
पांढरी पिकअप, पेट्रोलची,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.
किल्ली फिरवली. सुरू झाली कळलंच नाही,
म्हणून पुन्हा फिरवली
तर केवढ्याने केकाटली!
सेल्समन हसला नाही, हे जास्त लागलं.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब:
डिझेल लिटरमागे चार किलोमीटर जास्त देतं.
पेट्रोलची सर्व्हिसिंग स्वस्त.
वादी हीबीचा चढ, मागे तीन सबमर्सिबल मोटारी, वर पाइप,
जुनी दुसऱ्या गिअरमध्ये
म्हशीसारखी मान खाली घालून चढते.
नवी बोंबलेल.
पण आता चढतो कितीदा मी?
पूर्वी महिन्यातून आठ खेपा.
आता किनाऱ्याकडच्या विहिरींना खारं पाणी लागलंय,
खजुराच्या बागा शेंड्याकडून वाळतायत,
आणि आतल्या शेतांवरही लोक मला बोलावतात
ते मोटार काढायला,
बसवायला नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

नवी चालवून बघत होतो
तेव्हाच मालगुंडहून फोन.
सुनेत्रा बोलत राहिली, पोरीची फी,
टाकीचा गळका कॉक, भावाचं लग्न,
आणि मधेच थांबली.
"कामावर नाही गेलास? बरं नाहीये का तुला?"
एकोणीस वर्षं तिचं पहिलं वाक्य ठरलेलं:
"आधी ती गाडी बंद कर, काही ऐकू येत नाही."
मला वाटायचं, वैतागते.

काल खलफान येऊन गेला,
हमूद अरबाबचा धाकटा.
त्याला गाडी नको, इंजिन पाहिजे.
काढून शेतावरच्या विहिरीवर बसवणार,
बाकी पत्रा भंगारात.
दोनशे देतो म्हणाला,
"अजून दहा वर्षं पाणी ओढेल."
गोडं लागलंय म्हणे.
किती खोल, ते मी विचारलं नाही.
धंदा माझाच, तरी विचारलं नाही.
मागच्या हौद्यात हात फिरवत होता तो,
जिथे रंग जाऊन पत्रा पितळेसारखा गुळगुळीत झालाय,
माझ्याच मोटारी घासून घासून.

मुल्किया रविवारी संपते.
आज शुक्रवार, कामाला सुट्टी,
कुठे जायचं नव्हतं.
तरी पहाटे खाली उतरलो,
किल्ली अर्धी फिरवली.
वेटोळं पेटलं.
आकडे मोजले नाहीत आज.
विझलं असेल कधीतरी,
पाहिलं तेव्हा डॅशबोर्ड काळा होता
आणि आरशात, मागच्या भिंतीखाली झोपलेलं मांजर
धूर यायच्या आधीच उठून
दोन पावलं बाजूला सरकलं होतं.